डिझेल पिकअपचे ट्यूनिंग आणि भरल्या हौद्याचा हिशेब

कोल्हापूर परिसरात डिझेल पिकअप बाळगणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग गाडीवर पोट असणाऱ्यांचा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून कास्टिंग उचलून मशिनिंगसाठी उद्यमनगरात पोचवणारे, मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा आणणारे, भाजीपाला भरून गगनबावड्याहून किंवा आंबा घाटाने कोकणात उतरणारे हे लोक आहेत. दुसरा वर्ग हौशी मंडळींचा आहे. त्यांच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स असते, हौदा बहुतेक वेळा रिकामा असतो आणि शनिवार-रविवारी दाजीपूर किंवा आंबोलीच्या बाजूला फेरी होते. गेल्या काही वर्षांत या दोन्ही वर्गांना एकच प्रस्ताव ऐकू येऊ लागला आहे. लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात इंजिनाची ताकद वीस ते तीस टक्क्यांनी वाढवून मिळेल, आणि वर ॲव्हरेजही सुधारेल, असा तो प्रस्ताव असतो. माझ्या पुतण्याची एक लोडिंगची पिकअप आहे. त्याने मला हाच प्रश्न विचारला. ‘काका, त्यात उघडायचं काय न्हाई, नुसतं सॉफ्टवेअर बदलायचं. पाहिजे तवा जुनं परत टाकता येतंय,’ असे त्याचे म्हणणे होते. त्याला तोंडी दिलेले उत्तर तुटक होते, म्हणून ते येथे नीट मांडतो.

माझा व्यवसाय ट्यूनिंगचा नाही. आमच्या लहानशा मशीन शॉपमध्ये ब्रेक ड्रम, हब आणि तत्सम सुटे भाग टर्निंग करून बाहेर पडतात, आणि तुटलेले भाग दाखवून ‘हे असे का झाले’ असे विचारणारे लोक नेहमी येतात. त्यामुळे ताकद वाढवण्याच्या प्रश्नाकडे मी जो भाग तुटतो त्याच्या बाजूने पाहतो, आणि या प्रश्नात ती बाजू फारशी कुणी मांडत नाही असे मला वाटते.

मूळ मुद्दा असा आहे की कारखान्याने इंजिनात ठेवलेली राखीव क्षमता ही विनाकारण पडून राहिलेली ताकद नसते. ट्यूनिंग करणारा सांगतो, ‘कंपनीने इंजिन दाबून ठेवलेले असते, आम्ही ते मोकळे करतो.’ यात अर्धे तथ्य निश्चित आहे. एकच इंजिन वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या ताकदीचे मिळते, हे खरेच आहे. मात्र ही राखीव क्षमता कशासाठी ठेवली जाते, याचा विचार केला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यातील उकाडा, कुठल्याशा पंपावरचे पाणी मिसळलेले डिझेल, ऊस हंगामातील धुळीने गुदमरलेला एअर फिल्टर, डिझेल फवारणारी झिजलेली नोझल, वेळेवर न बदललेले ऑइल, पासिंगपेक्षा जास्त भरलेला माल आणि चढावर गियर खाली न टाकता रेटणारा चालक, हे सारे गृहीत धरून अभियंत्याने ती शिल्लक ठेवलेली असते. शौकीन माणसाची स्वच्छ, रिकामी, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी यांपैकी फारसे काही वापरत नाही, म्हणून तिच्यात थोडी शिल्लक खरोखरच उरते. लोडिंगची पिकअप मात्र ही शिल्लक रोज, आणि बऱ्याचदा एकाच चढावर, पूर्णपणे वापरत असते. ज्या गाडीला ट्यूनिंगची सर्वांत जास्त गरज वाटते, त्याच गाडीला ते सर्वांत कमी झेपते.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः सिलिंडरमध्ये किती डिझेल फवारले यावर ठरते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण डिझेल आणि हवा यांचे मिश्रण क्षणार्धात आणि अपुरेच होत असल्यामुळे प्रत्यक्षात हवा याहून बरीच जास्त ठेवावी लागते. हे प्रमाण अठराच्या आसपास उतरले की काळा धूर दिसू लागतो. रिमॅप करताना, म्हणजे ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या संगणकातले) सॉफ्टवेअर बदलताना, फवाऱ्याचे प्रमाण, त्याची वेळ, कॉमन रेलमधील (सर्व नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) दाब आणि टर्बोचा बूस्ट (इंजिनात हवा कोंबणारा दाब) या गोष्टी वाढवल्या जातात, आणि कारखान्याने घातलेल्या टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) व धुराच्या मर्यादा वर सरकवल्या जातात. डिझेल वाढले आणि हवा त्या मानाने वाढली नाही, तर टर्बोकडे जाणाऱ्या वायूचे तापमान झपाट्याने चढते. टर्बोच्या आधी मोजलेले हे तापमान दीर्घकाळ सातशे-साडेसातशे अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये, असे या कामातले जाणकार मानतात. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते शुद्ध स्वरूपात ६६० अंशांना वितळते, आणि मिश्रधातू तर त्याहूनही आधी मऊ पडू लागतो. पिस्टन टिकतो तो केवळ खालून त्याच्यावर ऑइल पडत असते आणि प्रत्येक स्ट्रोकला आत येणारी ताजी हवा त्याला थंड करीत असते म्हणून.

असा पिस्टन मी अगदी जवळून पाहिला आहे. आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये एका लोडिंग पिकअपचे इंजिन बांधायला काढले होते. चारपैकी तीन पिस्टन काळे पडले असले तरी धड होते. चौथ्याच्या माथ्यावर जी वाटीसारखी खोलगट जागा असते, तिची कड एका बाजूने खाल्ल्यासारखी झाली होती, आणि ती जागा नोझलच्या एका छिद्राच्या बरोबर समोर होती. तिथून वितळलेल्या धातूचा ओघळ रिंगच्या खाचेपर्यंत गेला होता आणि वरची रिंग जागीच चिकटून बसली होती. त्या गाडीला ‘बॉक्स’, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी बाहेरून जोडायची डबी, बसवलेला होता. नोझल तपासणीला पाठवली तेव्हा तीही टपकत असल्याचे दिसले. मालकाचे म्हणणे होते की दोष नोझलचा आहे, बॉक्सचा नाही. माझ्या मते दोष एकट्या कुणाचाच नव्हता. टपकणारी नोझल सोसण्यासाठी जी शिल्लक होती, ती बॉक्सने आधीच संपवली होती.

या बॉक्सविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे स्वस्तात मिळतो तो हाच. रेलमधील दाब मोजणारा जो सेन्सर असतो, त्याच्या आणि ईसीयूच्या मध्ये हा बॉक्स जोडला जातो आणि प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दाब ईसीयूला कळवतो. ईसीयू आपल्या समजुतीप्रमाणे दाब पूर्ववत करायला जातो आणि खरा दाब वाढतो. त्यामुळे तेवढ्याच वेळात नोझलमधून जास्त डिझेल जाते. आधुनिक कॉमन रेल इंजिनात हा दाब मुळातच सोळाशे ते दोन हजार बारच्या घरात जातो, आणि पंप, रेल व इंजेक्टर त्या हिशेबाने बनवलेले असतात. पण मला याहून गंभीर वाटते ते हे की, त्या क्षणापासून इंजिनाचा मेंदू चुकीच्या माहितीवर काम करू लागतो. तापमानाचे आणि धुराचे त्याचे सगळे अंदाज त्या खोट्या दाबावर बेतलेले राहतात. मीटरवर दिसणारे ॲव्हरेजही याच हिशेबातून येते. जास्त डिझेल गेल्याचे ईसीयूला ठाऊकच नसल्यामुळे स्क्रीनवर आकडा सुधारलेला दिसतो, आणि ‘बघा, ॲव्हरेज वाढले’ असा समज होतो. टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरून जो आकडा येईल तेवढाच खरा मानावा.

लोडिंगच्या पिकअपपुरता एक ढोबळ हिशेब मांडतो. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधील अडीच लिटरचे इंजिन साधारण ७५ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ५६ किलोवॅटचे असते. डिझेलमधील उष्णतेचा फार तर ३५ ते ४० टक्के भाग चाकांकडे कामी येतो असे धरले, तर पूर्ण ताकदीवर चढताना ८५ ते १०० किलोवॅट उष्णता सायलेन्सर, रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर टाकावी लागते. ताकद पाव पटीने वाढवली की ही उष्णताही तितक्याच प्रमाणात वाढते, म्हणजे आणखी वीस-पंचवीस किलोवॅट. लॅपटॉपमधून आलेली फाइल रेडिएटर मोठा करीत नाही, पंख्याची पाती वाढवत नाही आणि ऑइल कूलरही बसवत नाही. महामार्गावर पेठ नाक्याकडे जाताना ही वाढीव ताकद काही सेकंद लागते आणि समोरून वारा मिळतो, त्यामुळे काही बिघडत नाही. करूळ घाटात भरल्या हौद्याने, दुसऱ्या गियरमध्ये, वीस-पंचवीसच्या वेगाने चढताना मात्र ती सलग लागते आणि वारा जवळपास नसतोच. हेड गॅस्केट जाण्याच्या बहुतेक कहाण्या अशाच ठिकाणी सुरू होतात.

टॉर्कचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ट्यून केलेल्या गाडीचे सर्वांत मोठे सुख हे सांगितले जाते की ती चढावर गियर न बदलता चढते. हे सुख साधारण चौदाशे-पंधराशे आरपीएमला मिळते. सिलिंडरमधील दाब जास्त, फेरे कमी आणि बेअरिंगमधील ऑइलचा थर पातळ, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, क्लच प्लेट आणि गियरचे दात यांच्यावर सर्वाधिक ताण याच टप्प्यात पडतो. येथे मला टोयोटाच्या हायलक्सचे उदाहरण फार बोलके वाटते. भारतात विकल्या जाणाऱ्या या पिकअपचे २.८ लिटरचे इंजिन दोन्ही प्रकारांत २०४ अश्वशक्तीचेच आहे, परंतु ऑटोमॅटिक गियरबॉक्सबरोबर ते ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि मॅन्युअलबरोबर ४२०. म्हणजे इंजिनाला जे सहज शक्य आहे ते कंपनीने स्वतःच मॅन्युअल गाडीत ८० न्यूटन-मीटरने कमी ठेवले आहे. मर्यादा इंजिनातच असती, तर ती दोन्हीकडे सारखी दिसली असती. इंजिनाच्या पुढे जे जोडले आहे त्याच्याकडे पाहून टॉर्क ठरवला जातो असाच अर्थ मी त्यातून घेतो, आणि ट्यूनिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा ८० चा फरक डोळ्यांसमोर ठेवावा असे मला वाटते.

‘करून सहा महिने झाले, काही झाले नाही,’ हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. धातूच्या थकव्याविषयी ज्याला थोडे तरी ठाऊक आहे, त्याला या वाक्याने धीर येणार नाही. पोलादी भागावरचा उलटसुलट ताण पाव पटीने वाढला तर त्याचे आयुष्य पाव पटीने घटत नाही, ते कित्येक पटींनी घटते. शिवाय ते घटताना बाहेर काहीच दिसत नाही. तुटलेला एक्सल शाफ्ट किंवा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) हातात घेऊन तुटलेल्या तोंडाकडे पाहिले, तर बहुधा दोन भाग स्पष्ट दिसतात. एका कडेपासून सुरू होणारा, गुळगुळीत, किंचित काळपट आणि त्यात एकामागे एक अर्धवर्तुळाकार रेषा असलेला भाग, आणि उरलेला खरखरीत, ताजा, चमकणारा भाग. गुळगुळीत भाग म्हणजे कित्येक महिने हळूहळू सरकत गेलेली चीर. खरखरीत भाग एका क्षणात तुटलेला असतो. मालकाच्या आठवणीत फक्त तो शेवटचा क्षण राहतो आणि तो म्हणतो, ‘एका खड्ड्यात गेली आणि तुटली.’

ताकदीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका मला चेसिसमधील बदलांत दिसतो. त्यातही एक बदल इतका सर्रास केला जातो की त्याला कुणी बदल मानतच नाही. तो म्हणजे मागचे पाटे वाढवणे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक झडप असते. ती चेसिसला बसवलेली असते आणि तिचा एक लांब दांडा किंवा स्प्रिंग खाली मागच्या एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली दबते, दांडा हलतो आणि झडप मागच्या चाकांना अधिक ब्रेक देते. गाडी रिकामी असली की चेसिस वर असते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो, त्यामुळे मागची चाके लॉक होऊन गाडी गरकन फिरण्याचा धोका टळतो. आता पाट्यांत दोन पाटे जादा घातले की माल भरूनही गाडी पूर्वीइतकी दबत नाही. झडपेला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि पूर्ण भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. दांड्याचे सेटिंग नव्या उंचीप्रमाणे पुन्हा करता येते, पण पाटे बसवणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते करतात. काही ठिकाणी तर दांडा तारेने बांधून ठेवलेला मी पाहिला आहे. पुतण्याच्या गाडीखाली शिरून मी प्रथम हीच झडप पाहिली.

उतारावरचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. माल धरून तीन टन वजनाची गाडी पाचशे मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे १ कोटी ४७ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दहा किलोमीटरचा घाट ताशी तीसच्या वेगाने उतरला तर वीस मिनिटे लागतात, म्हणजे सरासरी बारा किलोवॅट. यातील काही भाग टायर आणि वारा घेतात. उरलेला इंजिन ब्रेकिंगने घेतला नाही तर तो ड्रम आणि डिस्कमध्ये उष्णता म्हणून साठतो. गाडीला मोठे टायर लावले असतील तर प्रत्येक गियर लांबल्यासारखा होतो, इंजिनाची रोखण्याची शक्ती चाकापर्यंत कमी पोचते आणि ब्रेकची पकडही तेवढ्याच प्रमाणात कमी पडते. स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो, हे आणखी वेगळे. आणि ट्यूनिंगमुळे सरळ रस्त्यावर ताशी साठऐवजी बहात्तरने जायची सवय लागली, तर वेग वीस टक्क्यांनी वाढला तरी ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. माझ्याकडे येणाऱ्या ड्रमवर निळसर डाग आणि उष्णतेने पडलेल्या केसासारख्या बारीक चिरा दिसतात. टर्निंग करून तो ड्रम पुन्हा गुळगुळीत होतो, पण भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी आणखी लवकर तापतो.

स्नॉर्केलविषयी, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणाऱ्या नळीविषयी, येथे थोडक्यात लिहिले पाहिजे, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर त्याची विचारणा वाढली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. स्नॉर्केलमुळे इंजिन पाणी ओढण्यापासून वाचते, आणि हे खरे आहे, कारण सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दाबले जात नाही आणि रॉड वाकतो. परंतु एक्सल आणि गियरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करण्याची छिद्रे), वायरिंगचे जोड आणि ईसीयू पूर्वी होते तिथेच राहतात, आणि वाहत्या पाण्यात गाडी उचलली जाण्याचा धोका तर स्नॉर्केलने मुळीच कमी होत नाही. पंचगंगेच्या पुरात गाडी घालण्याचा परवाना म्हणून कुणी त्याच्याकडे पाहू नये.

धुराचा विषय मी टाळणार नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे निकष लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण बीएस-४ च्या ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आले. डिझेल कारसाठी कणांची मर्यादा प्रति किलोमीटर २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली गेली. यासाठीच डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारी गाळणी), सुधारित ईजीआर (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि काही गाड्यांत डीईएफची (धुरात फवारायच्या शुद्धीकरणाच्या द्रवाची) टाकी आली. ट्यूनिंगच्या ‘पॅकेज’मध्ये आता डीपीएफ काढून टाकणे आणि ईजीआर बंद करणे हेही सुचवले जाते. डीपीएफ चोंदण्याचा त्रास खरा आहे. गावातल्या गावात थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीत काजळी जाळण्यासाठी लागणारे सहाशे अंशांच्या आसपासचे तापमान टिकत नाही आणि दिवा लागतो. पण त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा महामार्गावर सलग वेगात गाडी चालवणे आणि योग्य प्रकारचे ऑइल वापरणे. डिझेलचा धूर मानवात कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. आपल्या गाडीमागे दुचाकीवर लेकराला पुढे बसवून कुणीतरी चाललेले असते. ट्यूनिंगच्या सगळ्या धोक्यांत हा एकच धोका असा आहे की जो पत्करणारा एक असतो आणि भोगणारा दुसराच, म्हणून याबाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

कायद्याची बाजू अनेकांना वाटते त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणेच वाचले पाहिजे असे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धूर आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० लागते. समोर लावले जाणारे लोखंडी बुल बार तर २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या स्पष्ट सूचनेने बेकायदा ठरले आहेत. तरीही महामार्गावर दर चार पिकअपमागे एक दिसतोच. एअरबॅग असलेल्या गाडीत असा बार धडकेचा जोर थेट चेसिसकडे नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरची गणिते बिघडवतो, हे दंडापेक्षा महत्त्वाचे आहे.

विम्याचे तसेच आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर स्वतःच्या गाडीचा दावा अडकू शकतो. तिऱ्हाइताला भरपाई देऊन विमा कंपनी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करायला निघाली, तर संसार उघड्यावर येतो. ‘जुनी फाइल परत टाकली की कळत नाही,’ हेही पूर्णपणे खरे नाही. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रॅम लिहिला गेला याची नोंद राहते, आणि वितळलेला पिस्टन तर कोणतीही फाइल परत टाकून पूर्ववत होत नाही.

एवढे सगळे लिहूनही ट्यूनिंग सरसकट वाईट आहे असे माझे मत नाही. माझ्या एका मित्राकडे १.९ लिटरची व्ही-क्रॉस आहे. ती मुळातच १६३ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटरची आहे, हौदा रिकामा असतो आणि वॉरंटी संपलेली आहे. त्याने मला विचारले तेव्हा मी नकार दिला नाही, अटी मात्र घातल्या. पहिली म्हणजे रिमॅपआधी इंजिनाची प्रकृती तपासावी. कॉम्प्रेशन मोजावे, इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी घ्यावी, टर्बोच्या शाफ्टला किती खेळ आहे ते पाहावे, क्लचची स्थिती पाहावी. झिजलेल्या इंजिनावर ताकद चढवणारा माणूस कितीही कुशल असला तरी उपयोग नाही. दुसरे, टर्बोच्या आधी तापमानाचा प्रोब आणि डॅशबोर्डवर त्याचे घड्याळ बसवल्याशिवाय फाइल टाकू नये. हे घड्याळ नसेल तर चालकाला काहीच कळत नाही, कारण कूलंटचा काटा पिस्टनची अवस्था सांगत नाही. तिसरे, वाढ दहा-बारा टक्क्यांतच ठेवावी आणि तीही दोन हजार आरपीएमच्या वर, म्हणजे खालच्या फेऱ्यांतला टॉर्क मूळचाच राहील. डीपीएफ आणि ईजीआरला हात लावायचा नाही, हे तर आलेच. आणि बदललेली ताकद कागदावर कशी बसवायची आणि विमा कंपनीला काय कळवायचे, हे आरटीओ आणि कंपनीला आधी विचारल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही. ते ऐकून त्याचा उत्साह बराच ओसरला, आणि त्याने सध्या चांगले ब्रेक पॅड, नवे ब्रेक ऑइल व दर्जेदार शॉक ॲब्सॉर्बर एवढ्यावरच पैसे खर्च केले आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, त्यामुळे आपल्यासारख्या पावसाळी घाटांच्या मुलखात ते दोन वर्षांनी बदलणे हीच फार मोठी सुधारणा ठरते.

पुतण्याच्या लोडिंग पिकअपबाबत मात्र माझे उत्तर स्पष्टपणे नकाराचे होते. त्याची मूळ तक्रार अशी होती की गाडी चढावर दम टाकते. आम्ही एका रविवारी ती नीट तपासली. एअर फिल्टर मातीने भरलेला होता आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पजवळ बारीक चीर होती. गाडी बंद असताना ती दिसतच नव्हती. साबणाचे पाणी लावून आणि हवेचा दाब देऊन पाहिले तेव्हाच बुडबुडे आले. पाइप आणि फिल्टर बदलला, डिझेल फिल्टरमधील पाणी काढले आणि मागच्या झडपेचा दांडा जादा पाट्यांच्या उंचीप्रमाणे पुन्हा बसवून घेतला. गाडी कारखान्याने दिलेल्या ताकदीवर परत आली. दीड टनाच्या पासिंगवर अडीच टन भरण्याचा विषय अजून आमच्यात मिटलेला नाही. त्यासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड आहे, हे त्याला ठाऊक आहे, पण माल देणारा पूर्ण फेरीचेच भाडे देतो ही त्याची अडचणही खरी आहे. त्यावर मोठी गाडी घेणे परवडते का, याचा हिशेब आम्ही सध्या करीत आहोत.